ऑइलपाणी

घरची जीप दोराला बांधून परत येते तेव्हा घरातलं माणूस झोळीत घालून आणल्यासारखं वाटतं. रोझी अंगणात ज्वारी पाखडत होती. रस्त्याच्या वळणावर आधी ट्रॅक्टर दिसला, मग दोर, आणि दोराच्या मागं जीपचं पांढरं तोंड. स्टिअरिंगवर सत्यवान बसला होता. नवऱ्याचा चेहरा लांबूनच बघून तिनं सूप खाली ठेवलं. भर लग्नसराईत वडापाची, पॅसेंजर वाहणारी गाडी दिवसाढवळ्या दारात उभी राहिली म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लिंबाखाली बाजेवर सासरा बसला होता. बेंजामिनबाबांना दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. काचबिंदूनं एक डोळा पार नेला होता आणि दुसऱ्यात फक्त उजेड-अंधार कळेल एवढंच ठेवलं होतं. पण कान शाबूत होते.

"ट्रॅक्टर कुनाचा ग, पोरी? अन् आपल्या इंजिनचा आवाज का न्हाई?"

"वढून आनलीय, बाबा."

बाबा काठी चाचपत उठले. सत्यवान उतरला, ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि बॉनेट वर केलं. आतून गरम, जळकट वाफ आली. घोगरगावच्या पुढं इंजिन तापल्याचा काटा वर चढला, म्हणाला. पॅसेंजर दुसऱ्याच्या जीपमध्ये बसवून दिले. त्यानं फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण हळूहळू सैल केलं, काढलं, आणि बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाला दुधाच्या चहावर धरते तशी जाड, तपकिरी साय लागली होती. ती ओघळतसुद्धा नव्हती.

"पान्यात ऑइल," सत्यवान म्हणाला आणि तिथंच चाकाला टेकून खाली बसला.

गोरख मिस्त्रीला निरोप गेला. मिरजगावच्या स्टँडमागं बाभळीखाली त्याचं गॅरेज, आजूबाजूच्या साऱ्या वडापाच्या गाड्या त्याच्याच हाताखालून जायच्या. त्यानं येऊन ती साय दोन बोटांत चोळली, वास घेतला, पाण्याच्या बाटलीत वाकून बघितलं. रेडिएटरच्या बाजूला ती पांढरी प्लास्टिकची बाटली असते, जिच्यातून सगळ्या इंजिनात पाणी फिरतं. तीही आतून तपकिरी झाली होती.

"ऑइल-पान्याच्या मधलं गास्केट गेलं आसल," गोरख म्हणाला. "न्हाईतर ऑइल कूलर. हेड खोलल्याबिगर कळायचं न्हाई. गाडी तापली, अन् तशीच हानली, की मंग हे आसं हुतं. काल कुनाकडं हुती?"

काल गाडी अजिनाथकडं होती. पारनेरला लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेला होता तो.

आता अजिनाथ म्हणजे कोणी भाड्याचा ड्रायव्हर नव्हे. सत्यवानाच्या बरोबरीचा, एकाच बाकावर बसलेला, आणि दोघांनाही गाडी शिकवली ती बेंजामिनबाबांनी, बाजारतळाच्या मागच्या माळावर. बाबा तेव्हा मिशनच्या दवाखान्यात जीपवर ड्रायव्हर होते. उभा जन्म त्या एका जीपवर गेला त्यांचा. पुढं ती भंगारात निघाली तेव्हा बाबांनीच ती घेतली आणि पोरानं तिच्यावर वडाप सुरू केलं. ही नवी जीप, म्हणजे तशी जुनीच पण यांना नवी, गेल्या नाताळात आली. रोजची नगरची फेरी सत्यवान मारायचा, लग्नाची भाडी अजिनाथ. दोघांजवळ एक एक किल्ली होती.

आणि दोघांचा एक रिवाज होता. सकाळी बाबा बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना करायचे आणि "निघ" म्हणायचे. त्याशिवाय सत्यवानानं कधी स्टार्टर मारला नाही. अजिनाथ मढीच्या नाथांचा भक्त, तोही तेवढा वेळ टोपी काढून मान खाली घालून उभा राहायचा. कडूबाई, त्याची बायको, चेष्टेनं म्हणायची, आमच्या मालकाला दोन दोन देव सांभाळत्यात.

संध्याकाळी अजिनाथ आला तो स्टँडवर ऐकूनच. मागोमाग रिकामटेकडी चार माणसं आली, कारण दुसऱ्याच्या अंगणातलं भांडण कोणी फुकट सोडत नाही.

"काटा कवा चढला?" सत्यवानानं विचारलं.

"चढलाच न्हाई. पारनेरहून आलो तवा निम्म्याच्या खाली हुता."

"मग ऑइल काय आभाळातनं पडलं?"

"मला काय ठावं? मी काटा बघूनच चालवितो, सत्या. बाबांनी शिकविलंय मला."

"वऱ्हाडी दाबून भरले आसतील. तापली आसल, थांबला न्हाईस. थांबला आसतास तर लोकं वरडली आसती ना. मंग तशीच हानली अन् गपचिप आनून लावली दारात."

"नाथाची आन घेऊन सांगतो."

"आन नको घिऊ. इंजिन सांगतंय."

बघ्यांपैकी कोणीतरी हसलं. अजिनाथ कानापर्यंत काळवंडला. त्यानं एकदा बाबांकडं बघितलं. बाबा बाजेवर काठी धरून बसले होते, तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "सत्या, दमानं घे." पण ते कोणी मनावर घ्यावं अशा आवाजात नव्हतं.

अजिनाथनं करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली. ती सत्यवानाच्या हातात दिली नाही. बाबांचा हात धरून तळव्यावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

"तुमच्याकडनं घेतली हुती, बाबा. तुमच्याकडंच देतो."

तो गेला. बघे गेले. रोझीनं चूल पेटवली.

गोरखनं इंजिनाचं वरचं हेड खोललं. गास्केट काढून उजेडाकडं धरलं, उलटंपालटं केलं. कुठं जळालेलं नव्हतं. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "कदी कदी डोळ्याला दिसत न्हाई." हेड नगरला तपासायला पाठवलं, ते सरळ निघालं. तरी गास्केट नवं घातलं, ऑइल कूलर नवा घातला, कारण खोललंच आहे तर अर्धवट कशाला. या सगळ्यात लग्नसराईचा पहिला भर निघून गेला. स्टँडवर सत्यवानाचा नंबर दुसऱ्यानं घेतला. सत्यवान घरी बसून नुसता फुटाणा झाला होता. ताटात मीठ कमी पडलं तरी आवाज चढायचा.

पण खरं काम तर पुढंच होतं. नवा भाग बसवला तरी आधीचं ऑइल गाडीच्या पोटात सगळीकडं बसलेलं. रेडिएटरच्या जाळीत, नळ्यांत, इंजिनाच्या कानाकोपऱ्यात. ते धुऊन निघालं नाही तर गाडी पुन्हा तापणार. धुवायचं कशानं, तर गरम पाणी आणि कपड्याची पावडर. भरायचं, इंजिन चालू करून फिरवायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं. गोरख म्हणाला, माझ्याकडं प्यायला पाणी न्हाई, घरी न्या.

घरी तरी कुठं होतं? विहिरीचा तळ उघडा पडला होता. टँकर यायचा त्याच्या मर्जीनं, आणि आला की बायका पाइपावर तुटून पडायच्या. रोझी दोन्ही हातांत हंडे घेऊन त्या गर्दीत शिरली तेव्हा मागून आवाज आला, "गाडीला पाजायला व्हय ग? हितं लेकरं तहानली." तिनं हंडे भरले, एक डोक्यावर, एक कमरेवर, आणि घरापर्यंत मान वळवली नाही.

दिवसभर चूल ढणढणत होती. वर ऊन, खाली जाळ. रोझी कढत पाणी वाहून आणायची, सत्यवान नरसाळ्यानं ओतायचा. इंजिन चालू केलं की बाटलीच्या तोंडातून फेस उसळायचा, तपकिरी, चिकट. मग खालचा बूच सोडला की सगळं भसाभसा परातीत. पहिलं पाणी पाणी म्हणावं असं नव्हतंच, ताकाच्या गाठीसारखे लगदे पडत होते. दुसरं, तिसरं तसंच. कोंबड्या पाण्याच्या आशेनं धावत आल्या आणि पंख चिकटवून घेऊन बसल्या. रोझीनं एकेकीला धरून राखेनं चोळून काढलं. तिच्या कोपरापर्यंत तेल मुरलं होतं. भाकरी थापताना पिठाला वास लागायचा आणि सत्यवान तुकडा तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबायचा.

रबरी नळ्या ऑइल पिऊन फुगल्या होत्या, दाबलं की बोट रुतायचं. ज्या टिकण्यासारख्या होत्या त्या धुवायला काढल्या. बाबांनी हात पुढं केला.

"ते दे इकडं. एवढं तर जमंल मला."

रोझीनं परात त्यांच्यासमोर ठेवली. बाबा एक एक नळी मांडीवर घेऊन आत काठीला चिंधी बांधून फिरवायचे, बोट घालून बघायचे, पुन्हा फिरवायचे. चेहऱ्यावर किती दिवसांनी बरं वाटत असल्याची खूण दिसत होती. सत्यवानानं त्यांना बॉनेट उघडायला मनाई केली होती. पावसाळ्यात जुन्या जीपचं एक झाकण उघडं राहिलं होतं, तेव्हापासून. "बाबा, आता हात लावू नका. निस्ती प्रार्थना करा," असं म्हणाला होता. तोडून म्हणाला नव्हता, पण म्हणाला होता.

आणि बाबांनी ऐकलं नव्हतं. हे फक्त रोझीला ठाऊक होतं. पहाटे सत्यवान झोपलेला असताना बाबा अंगणात यायचे, हळूच बॉनेट वर करायचे, पट्टी ओढून ऑइल बोटांनी मोजायचे. कमी वाटलं की तिला हाक मारायचे. "पोरी, ऑइलचं डबडं दे. सत्याला सांगू नको." ती डबडं द्यायची आणि चुलीकडं जायची. म्हाताऱ्याला तेवढंच काम उरलं होतं, आणि त्यात वाईट काय होतं? तिला तर ते आवडायचं. सत्यवान पट्टी बघायचा तेव्हा ऑइल ठीकच असायचं, म्हणजे फार खाली गेलेलं नसायचं, आणि तो आपली गाडी ऑइल खात नाही म्हणून खूश असायचा.

टँकरचं पाणी संपलं आणि परातीत अजून तवंग दिसत होता. आता एकच घर उरलं, जिथल्या बोअरला थोडं पाणी होतं. रोझीनं हंडा उचलला.

कडूबाई दारातच शेण सारवत होती. तिनं मान वर केली, रोझीला बघितलं, पुन्हा खाली घातली. रोझी उभी राहिली. हंडा रिकामा असला तरी जड होतो अशी एक वेळ असते, ती ही.

"मोटर सुरू हाय," कडूबाई शेवटी म्हणाली. "भरून घे."

पाणी हंड्यात पडताना दोघी तिथंच होत्या.

"अजिनाथभावजी दिसत न्हाईत?"

"शिमेंटच्या गोन्या उतरायला गेल्यात. रोडच्या कामावर." कडूबाईनं हात धुतले. "गाडीवर कोन घेतंय आता? स्टँडवर गेलं की म्हनत्यात, तू तं इंजिन जाळतो. गाडीच्या मालकानंच सांगितल्यावर लोकांनी काय खोटं मानावं का? परवा एकानं तोंडावर म्हनलं. हे घरी आले अन् जेवले न्हाईत."

"कडूबाई…"

"तू घेऊन जा पानी. पान्याचा अन् भांडनाचा काय संबंध न्हाई." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्येंनी न्हाई जाळलं, रोझी. मी बायकू हाय म्हनून सांगत न्हाई. खोटं बोलल्यावर हे झोपेत बडबडत्यात. ह्या खेपी गप पडून ऱ्हात्यात, डोळे उघडे ठिवून."

रोझी घरी आली. त्या पाण्यानं शेवटचं धुणं झालं. बुचातून पाणी स्वच्छ पडलं, उन्हात बघितलं तर तवंग नाही. धुतलेल्या आणि नव्या नळ्या बसल्या, नवं, कूलंट घातलेलं हिरवं पाणी भरलं. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "निघ," म्हणाले. सत्यवान नगरला जाऊन आला आणि कितीतरी दिवसांनी हसला. सावेडीतल्या कोणा मास्तरांचं लग्नाचं भाडंही ठरवून आला होता. रोझीच्या जिवात जीव आला. कडूबाईचं ते बोलणं तेवढं तिच्या मनात सलत होतं.

पुढच्या आठवड्यात एका पहाटे बाबांनी हाक मारली. "पोरी, डबडं दे ग."

तिनं डबडं दिलं आणि चुलीकडं वळली. काड्यापेटी बाजेवर राहिली होती म्हणून मागं आली, एवढंच. नाहीतर ती कधीच बघणार नव्हती.

उजाडायला लागलं होतं. बाबा जीपवर ओणवे झाले होते. डाव्या हाताची बोटं काठावरून सरकत गेली, एका नळीवर थांबली, तिथून वीतभर पुढं आली आणि एका गोल झाकणावर बसली. न चाचपडता, न चुकता. चुलीजवळच्या अंधारातही रोझीचा हात मिठाच्या बरणीवर जायचा तसा. त्यांनी झाकण फिरवलं, डबड्याचं तोंड करंगळीनं धरून नेमकं त्यावर टेकवलं आणि ओतलं. पिवळं, नवंकोरं ऑइल पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत, हिरव्या पाण्यावर उतरलं आणि गोल होऊन तरंगायला लागलं.

ती पाण्याची बाटली होती.

जुन्या जीपला ऑइलचं झाकण तिथंच होतं. त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर. तिला ते आत्ता आठवलं. बाबांच्या हाताला अजून तीच जीप ठाऊक होती.

रोझी दोन पावलं पुढं आली. बाबांनी झाकण लावलं, फडक्यानं कडा पुसली, वळले, आणि तिचा श्वास ऐकून थांबले.

"काय ग?"

"बाबा, ऑइल कुठं घातलं?"

"हितं." त्यांनी हात मागं नेऊन बरोबर त्याच झाकणावर ठेवला. "का?"

तिनं काही म्हणायला पाहिजे होतं. काहीही. पण तिच्या गप्प राहण्यातच बाबांना सगळं कळलं असावं. त्यांचा हात झाकणावरून बाटलीवर आला. प्लास्टिक चाचपलं. तिथून निघणारी नळी धरून बोटं रेडिएटरपर्यंत गेली. मग दुसरा हात इंजिनावर, वर, आणखी वर, आणि तिथं त्यांना दुसरं झाकण सापडलं. ते त्यांनी उघडलं, बोट घातलं, बोट नाकाला लावलं. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, एक हात एका झाकणावर आणि एक दुसऱ्यावर.

"म्हंजी मी," ते म्हणाले.

"बाबा, गप बसा. मी सांगते ह्यांना. माझ्या हातनं झालं म्हनते. बाईमानसाला कुटं कळतंय गाडीतलं, ते खरं मानतील."

"अन् अजिनाथला काय सांगशील?"

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. डबडं तिनंच दिलं होतं. दर वेळी तिनंच दिलं होतं.

सत्यवान उठला तेव्हा बाबा बाजेवर बसून वाट बघत होते. त्यांनी सरळ सांगितलं, मधे एकदाही न थांबता. सत्यवानानं जाऊन बाटली उघडून बघितली. खाली बसून बूच सोडलं आणि हिरवं पाणी, त्यावरचं पिवळं ऑइल, सगळं मातीत जाऊ दिलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. बाबांना ते सोसलं असतं.

"गाडी चालू न्हवती झाली. बाटलीतच हाय, आत गेलं न्हाई," तो म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. मग रोझीकडं बघून, "तुला ठावं हुतं?"

"ऑइल घालत्यात ते ठावं हुतं. कुटं घालत्यात ते न्हाई."

"अजिनाथला बोलाव," बाबा म्हणाले.

"बोलवीन ना. मी सांगतो त्याला, दोघांतलं दोघांत. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या, बाबा. लोकं हसतील."

"तू त्याला घरात बोललास का?"

बाबा उठले, चाचपत जीपपाशी गेले, पुढचं दार उघडलं आणि आत बसले. कितीतरी दिवसांत ते त्या सीटवर बसले नव्हते. "स्टँडवर ने मला. पोरी, तूबी चल. मला उतरवायला कोन पायजे."

सत्यवानानं बाटली धुतली, पाणी भरलं. त्या दिवशी बॉनेटवर हात कोणी ठेवला नाही, आठवण कोणाला झाली नाही.

स्टँडवर जीपा रांगेनं उभ्या होत्या. ड्रायव्हर चहाच्या गाड्यापाशी. गोरख मिस्त्रीही होता. रोझीनं बाबांना उतरवलं आणि त्यांनी जिथून आवाज येत होते तिकडं तोंड केलं. सत्यवान स्टिअरिंगवरच बसून राहिला, मान खाली घालून.

"आरं, ऐका रं," बाबा म्हणाले. "आमच्या गाडीच्या पान्यात ऑइल गेलं हुतं ते अजिनाथमुळं न्हाई. त्यानं गाडी तापविली न्हाई. मला दिसत न्हाई अन् मी चुकीचं झाकन उघडून ऑइल घातलं. पान्यात घातलं. अजिनाथचं नाव उगा खराब झालं. मी तुमच्यातल्या निम्म्यांना गाडी शिकविली, म्हनून सांगायला आलो."

गोरखनं हातातला कप खाली ठेवला आणि पुटपुटला, "म्हनून गास्केट चांगलं हुतं." एक नवा पोरगेला ड्रायव्हर, बाबांना न ओळखणारा, तोंड फिरवून हसला. हसू दाबलं तरी ऐकू गेलं. मग एका वयस्कर ड्रायव्हरनं चहा आणून बाबांच्या हातात दिला. "बसा, गुरुजी." बाबांनी कप धरला, पण प्यायले नाहीत. चहा धोतरावर सांडत होता. रोझीनं कप काढून घेतला.

तिथून ते अजिनाथच्या घरी गेले. सत्यवानही उतरला, पण अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. कडूबाई बाहेर आली. बाबांनी तिलाही तेच सांगितलं, त्याच शब्दांत. मग खिशातून किल्ली काढून पुढं धरली.

"अजिनाथला दे."

"हे न्हाईत, बाबा. गेले परवा. चाकनला, कंपनीच्या ट्रकवर. हितल्या कुनाच्या गाडीवर आता बसायचं न्हाई म्हनले." तिनं किल्लीला हात लावला नाही. "फोन लावून सांगते मी."

तिनं तिथंच फोन लावला. थोडं बाजूला जाऊन बोलली, आणि लवकरच परत आली.

"काय म्हनला?" बाबांनी विचारलं.

"बरं म्हनले."

"अजून?"

"दुसरं काय न्हाई. बरं म्हनले अन् ठिवला."

बाबांचा हात तसाच पुढं होता. सत्यवान जवळ आला, त्यानं वडिलांचा दंड धरला आणि त्यांना जीपकडं नेलं. जाताना कडूबाईपाशी तो थांबला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. ती खराटा घेऊन अंगण झाडायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवान आवरून गाडीत बसला. किल्ली लावली, पण फिरवली नाही. वाट बघत राहिला. बाबा बाहेर आले नाहीत. रोझी आत गेली. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते, अजिनाथची किल्ली मुठीत होती.

"बाबा, हे थांबल्यात. हात ठिवा ना गाडीवर."

"जा म्हनावं त्याला. माझा हात नको आता गाडीला."

तिनं येऊन सांगितलं. सत्यवान उतरला. बॉनेट वर केलं, पट्टी ओढून पुसून बघितली, बाटली बघितली, दोन्ही झाकणं पुन्हा आवळली. आणि घराच्या दाराकडं तोंड करून, आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाबा, ऑइल बघितलं. पानीबी बघितलं. निघू का?"

आतून काही आलं नाही. त्यानं आणखी थोडी वाट बघितली आणि स्टार्टर मारला. पॅसेंजर स्टँडवर ताटकळले असणार, थांबून चालणार नव्हतं.

गाडीचा आवाज रस्त्याला लागला, लांब गेला. बाबा कान देऊन ऐकत होते. आवाज पार बुडाल्यावर त्यांनी विचारलं, "चालवाया कोन हाय?"

"हेच हायेत, बाबा."

"व्हय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "अजिनाथ वळनावर गेर उतरवायचा. सत्याला ते कदी जमलं न्हाई."

रोझी चुलीपाशी आली. कळशी हलवून बघितली. टँकर कालही आला नव्हता. घरात प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. तिनं हंडा घेतला, घासून घासून त्याचा तेलकट वास आता गेला होता, आणि कडूबाईच्या घराकडं चालायला लागली.